बापापेक्षा, आईपेक्षा

रात्री साडेअकराला फोन आला. आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन-तीन वर्षांपासून येणारा एक हिंदू घरातला तरुण, नगरच्या एमआयडीसीत नोकरीला. संध्याकाळी त्याचे वडील गेले होते. "सकाळी सातला उचलायचंय, सर. धाकटा म्हणतो, थोरला तू आहेस, अग्नी तूच द्यायचास. इकडं पाळकसाहेब म्हणतात, विश्वासी माणसानं तिथं उभंसुद्धा राहू नये. मी करू काय?"

मी पाळक नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. रविवारी पोरांचा शास्त्रवर्ग घेतो, एवढाच काय तो माझा अधिकार. पण त्या रात्री त्याला जी वचनं सांगितली गेली होती ती मीही लहानपणापासून ऐकत आलोय. ‘आधी बापाला पुरून येतो’ म्हणणाऱ्याला दिलेलं उत्तर, ‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे.’ आणि बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं, ‘जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही.’ दोन्ही वाक्यं येशूचीच आहेत. ती नंतर कुणी घुसडली असतील असं म्हणून सुटका करून घेता येत नाही, आणि मला तशी सुटका नकोही आहे. मला ही वाक्यं खरी वाटतात. ती आपल्याकडे ज्या कामाला जुंपली जातात, त्याची मात्र लाज वाटते.

लूकच्या शुभवर्तमानात तर हेच बोलणं आणखी कडक आहे. बाप, आई, बायको, मुलं, भाऊ, बहिणी यांचा ‘द्वेष’ केल्याशिवाय शिष्य होता येत नाही! यातला ‘द्वेष’ ही हिब्रू भाषेची लकब आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआसाठी ‘द्वेष’ याच अर्थाचा हिब्रू शब्द येतो, आणि तिथं त्याचा अर्थ इतकाच की राहेल आवडती आणि लेआ नावडती. आवडत्या-नावडत्या राणीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. पण अशी फोड केल्यानं वाक्याची धार जात नाही. घराचं आणि येशूचं म्हणणं एकमेकांविरुद्ध गेलं तर कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तिथंच राहतो, आणि येशूचं उत्तर स्पष्ट आहे.

ते उत्तर ज्या समाजात दिलं गेलं तिथलं ‘घर’ म्हणजे दोन खोल्यांत राहणारे आईबाप आणि दोन मुलं नव्हेत. बापाच्या हाती जमीन, धंदा, मुलीचं लग्न, मुलाची बायको, आणि कोणत्या देवापुढं वाकायचं हेही. रोमन कायद्यात तर घरातल्या कर्त्या पुरुषाची सत्ता मुलं कितीही मोठी झाली तरी सुटत नसे. इसवी सन २०३ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाची बाविशीतली तरुण आई होती. तिनं तुरुंगात लिहिलेला मजकूर आजही वाचायला मिळतो. तिचा म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ म्हणतो, तिचे हात धरतो, पायाशी पडतो. ती म्हणते, मी ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. तिच्या अंगावर पिणारं मूल होतं. हे वाचताना मी दर वेळी बापाच्या बाजूनं रडतो आणि तिच्या बाजूनं विचार करतो.

आपल्याकडे त्या ‘घरा’ला नेमका शब्द आहे, भावकी. कुलदैवत, सोयरीक, वाटणी, पाणवठा, सुतक हे सगळं तिच्या ताब्यात. जात राहते कुठं? कायद्यात नाही, भाषणात नाही. ती स्वयंपाकघरात आणि लग्नाच्या बैठकीत राहते. म्हणून ‘माझ्यापेक्षा बापावर अधिक प्रीती’ या शब्दांचा वार आईच्या मायेवर होतो असं मला वाटत नाही. माणसाच्या मनावर वतनासारखा हक्क सांगणाऱ्या भावकीवर तो होतो.

याचा पुरावा त्याच येशूच्या इतर बोलण्यात आहे, आणि तो प्रवचनात फारसा काढला जात नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात तो शास्त्रीपरुश्यांवर, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपंडितांवर, चिडलाय. कारण काय? तर लोक आपला पैसाअडका ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करत आणि मग म्हाताऱ्या आईबापांना म्हणत, तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. देवाचं नाव पुढं करून आईबापांचं देणं चुकवायची युक्ती. येशू त्याला सरळ ढोंग म्हणतो. वधस्तंभावर, शेवटच्या घटकेला, तो आपल्या आईची सोय लावतो. एका शिष्याला सांगतो, ही तुझी आई. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं सगळं सोडलं असं आपण म्हणतो. पण त्याच्या सासूच्या तापाची काळजी येशूनं केली, आणि पुढं पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरत असे, हे पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याच्या पत्रात आहे. तोच पौल करिंथकरांना लिहितो, बायको विश्वास ठेवत नसेल पण तुझ्याबरोबर नांदायला तयार असेल तर तिला सोडू नकोस. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तर, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असा थेट शेराच आहे.

ही सगळी वचनं एकत्र ठेवली की मला एक गोष्ट दिसते. माणसाच्या कष्टावर, पगारावर, वेळेवर, आजारपणातल्या जागरणावर घराचा हक्क आहे. त्याच्या गुडघ्यांवर नाही. ते कुणापुढं टेकायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि दुसरी बाजू तितकीच कडक: गुडघे कुठं टेकायचे हे मी ठरवलं म्हणून त्याची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायचा अधिकार मला मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा झगडा कोर्टात गेला तो १८३९ साली, मुंबईत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाइकांनी धनजीभाईला ताब्यात मागितलं; कोर्टानं ठरवलं की तो कळत्या वयाचा आहे, त्याला जायचं तिकडं जाऊ द्या. शहरात गदारोळ झाला, पारशी मुलं शाळेतून निघून गेली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण आणि श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण भावांचं प्रकरण. नारायण मोठा, त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि पुढं जालन्याजवळ बेथेल वसवलं. श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. कोर्टानं त्याला मिशनऱ्यांकडून काढून बापाच्या हवाली केलं. मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि मी ख्रिस्ती असून वाटतो. बारा वर्षांच्या मुलाचं ‘येशू आधी’ हे त्याचं स्वतःचं कितपत आणि जेवू घालणाऱ्या साहेबाचं कितपत, कोण सांगणार? पण गंमत पुढं आहे. बापानं लढून परत आणलेल्या त्या पोराला जात घरात घेईना, कारण तो परक्यांच्यात जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून जोर लावला, तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांनाच धारेवर धरलं. म्हणजे मूल ‘आमचं’ म्हणून कोर्टात भांडायचं, आणि मिळालं की पंगतीला बसवायचं नाही. कुटुंबाच्या मायेआड कोण उभं होतं ते यात दिसतं.

त्यानंतर कायदे झाले. १८५० चा कायदा म्हणाला, धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. १८६६ चा कायदा म्हणाला, ख्रिस्ती झालेल्याशी धर्माच्या कारणानं जोडीदार नांदायला तयार नसेल तर लग्न मोडून मिळेल. आजचा हिंदू विवाह कायदा उलट बाजूनं तेच म्हणतो: जोडीदारानं धर्म सोडला, हे घटस्फोटाला पुरेसं कारण. ज्यानं हिंदू धर्म सोडला तो १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानं स्वतःच्या अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक राहू शकत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळक हे सांगत नाहीत. सांगायला हवं असं मला वाटतं. लूकच्या ज्या अध्यायात ‘द्वेष’ आहे त्याच अध्यायात, दोनच वचनं पुढं, बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असंही आहे.

अलीकडच्या कायद्यांचा रोख तर सरळ घराकडेच आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानं सज्ञान माणसाच्या धर्मांतराविरुद्ध तक्रार करायचा हक्क आईबापांना, भावंडांना, रक्ताच्या आणि लग्नाच्या नातेवाइकांना दिला. पस्तीस वर्षांच्या बाईनं कुणाची प्रार्थना करावी याबद्दल तिचा चुलता पोलिसांत जाऊ शकतो! केरळच्या हादिया या धर्मांतर केलेल्या तरुणीच्या खटल्यात, तिथं प्रश्न इस्लामचा होता, उच्च न्यायालयानं लग्न रद्द करून तिला आईबापांच्या ताब्यात दिलं होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. श्रद्धा आणि जोडीदार निवडणं हा सज्ञान माणसाचा स्वतःचा अधिकार आहे, असं स्पष्ट सांगितलं. १८३९ मध्ये धनजीभाईच्या बाबतीत झालेली गोष्ट पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा सांगावी लागते. आपण पुढं गेलो की मागं, वाचणाऱ्यानं ठरवावं.

एवढं बोलून मी थांबलो तर हा लेख आमच्या मंडळीत टाळ्या घेईल. पण घराच्या आतून हे कसं दिसतं?

मराठीत या प्रश्नाचं उत्तर देणारी बाई होऊन गेली, लक्ष्मीबाई टिळक, आणि तिनं जे लिहिलं तसं जगातल्या फार कमी भाषांत असेल. तिच्या नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थानं दिलेला नवा करार, डोंगरावरचं प्रवचन, दोन वर्षांची घालमेल, हे सगळं खरं. हेही खरं की बायकोला त्यांनी आधी सांगितलं नाही. लक्ष्मीबाईंना झाल्यावर कळलं. तीस वर्षांच्याही आतली बाई, पदरात लहान मुलगा, माहेरच्यांच्या आधारानं राहणारी. नवरा जिवंत आणि तरी नाही. विधवेला निदान लोक काय म्हणायचं ते ठरलेलं असतं.

धर्मांतराच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. बाबा पदमनजींनी आपला ‘अरुणोदय’ लिहिला. पण त्या बहुतेक जाणाऱ्यांनी लिहिल्या. जाणाऱ्याला प्रकाश दिसलेला असतो. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे मागं राहिलेल्या माणसाचं पुस्तक आहे. प्रकाश नवऱ्याला दिसला आणि अंधार हिच्या खोलीत झाला, याची नोंद तिनं केली. रडगाणं न गाता केली, बऱ्याच ठिकाणी हसवत केली, आणि त्यामुळं ती जास्तच लागते. मला टिळकांच्या कविता पाठ आहेत, त्यांची भजनं आम्ही दर रविवारी म्हणतो, आणि तरीही मी म्हणेन की ती बातमी बायकोला न सांगणं हा विश्वास नव्हता. ती भीती होती. आपण त्याला नंतर विश्वासाचं नाव दिलं. टिळकांना वाटलं असेल, सांगितलं तर अडवतील. अडवलंच असतं. पण अडवणूक सोसून जाणं वेगळं, आणि अडवायची संधीच न देता जाणं वेगळं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात वधस्तंभ उचलून चालायला सांगितलंय. दुसऱ्याच्या डोक्यावर तो ठेवून द्यायला सांगितलेलं नाही.

टिळकांचं मोठेपण त्या दिवसात नाही, नंतरच्या वर्षांत आहे. १८६६ चा कायदा हाताशी होता. बायको धर्मासाठी वेगळी राहते, हे कारण कोर्टात चाललं असतं. त्यांनी ती वाट धरली नाही. वाट पाहिली. पुढं त्या एकत्र राहायला आल्या तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवली, आणि टिळकांनी ती ठेवू दिली. विचार करा, एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ब्राह्मणी सोवळं पाळणारी बायको. तिला रोज वचनं ऐकवून वाकवायचा मोह किती झाला असेल! १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धर्मात जायचं म्हणून नव्हे. ही जात, हा विटाळ माणसानं केला की देवानं, हा प्रश्न तिनं स्वतःशी सोडवला आणि मगच ती उठली. तिचे गुडघे तिचेच राहिले. पुढं ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांच्या मागं तिनंच पुरं केलं.

टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत, आणि मला वाटतं त्यांनी तुकोबांच्या घराकडेही नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं. घर सोडून देवाकडे जाण्याचं आपल्या परंपरेला कौतुकच आहे. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळालेल्या रामदासांची आख्यायिका आपण शाळेत सांगतो. अंतरपाटापलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही. तुकोबांच्या जिजाईला तर कीर्तनकारांनी कजाग करून ठेवलं. घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, पोरं उपाशी. अशा बाईनं विठोबाला शिव्या घातल्या तर तिचं काय चुकलं? भाकरी घेऊन डोंगर तीच चढत होती. उलट बाजूनं संत बहिणाबाई पहा. ब्राह्मण घरातली, आणि गुरू मानला वाण्याच्या तुकारामाला. नवऱ्यानं मारलं, हे तिनं आपल्या अभंगांत सांगून ठेवलंय. तिनं गुरू सोडला नाही आणि घरही सोडलं नाही. ‘ख्रिस्ती लोक घर तोडतात’ म्हणणाऱ्यांनी बहिणाबाईच्या नवऱ्याची बाजू आधी घेऊन दाखवावी. नाही ना घेता येत? मग निष्ठा कुणावर आहे यावरून न्याय बदलतोय, इतकंच.

इथं एक कबुली द्यायला हवी. टिळक, पदमनजी, शेषाद्री, पंडिता रमाबाई. धर्मांतराच्या ज्या गोष्टी मराठी माणसाला माहीत आहेत त्या एकेकट्या, वरच्या थरातल्या माणसांच्या. त्यांच्या घरात तलवार चालली, कारण त्यांच्या घरात गमवायला जात होती. माझ्या पणज्यानं नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो एकटा नव्हता. भाऊ, चुलते, त्यांच्या बायका, जवळपास निम्मी वस्ती अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेच्या अंगणात उभी होती. सोयरीक सोयऱ्यातच राहिली. गावानं त्यांना आधीच वेशीबाहेर ठेवलं होतं. आणखी बाहेर टाकणार कुठं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर घरंच्या घरं धम्मात गेली, तेव्हाही बाप एका धर्मात आणि मुलगा दुसऱ्यात असा पेच बहुतेकांना पडला नाही. ‘मी बाप आणि मुलगा यांच्यात फूट पाडायला आलोय’ हे वचन आमच्या आजीला कधी टोचलंच नाही. तिला त्याच शुभवर्तमानातलं ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या’ टोचायचं.

आमच्याकडे फूट नंतर आली, आणि ती कागदावर आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. मग घरात काय होतं ते सांगतो. बाप रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसतो. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र हिंदू आणि जातीचं नाव. का? कारण त्याशिवाय फी माफ नाही, वसतिगृह नाही, इंजिनिअरिंगची जागा नाही. आणि मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, बापा-आईच्या वचनाच्या फक्त चार वचनं आधी काय आहे? ‘जो कोणी मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही स्वर्गातल्या पित्यासमोर नाकारीन.’ पाळकसाहेब हे वाचतात तेव्हा बाकावरचे बाप खाली बघतात. मी असल्या बापाला दोष देऊ शकत नाही. मी दोष त्या आदेशाला देतो, जो बापाला लेकराचं शिक्षण आणि स्वतःचा देव यातलं एक निवडायला लावतो. येशूनं ‘माझ्यापेक्षा’ म्हटलं ते भावकीला उद्देशून. सरकारनं तहसील कार्यालयाच्या खिडकीवर तेच वाक्य लावायला नको होतं.

आता मंडळीकडे वळतो. घराच्या हुकमातून सुटलेल्या माणसाला आम्ही म्हणतो, ‘आता मंडळी हेच तुझं कुटुंब.’ हे गोड वाक्य आहे आणि थोडं घातकही. कारण काही ठिकाणी मंडळी खरोखरच कुटुंब होऊन बसते, जुन्या पद्धतीचं: लग्न कुणाशी, कुंकू लावायचं की नाही, बहिणीच्या हळदीला जायचं की नाही, दिवाळीचा फराळ खायचा की नाही, सगळं पास्टर ठरवणार. जुनी भावकी गेली, नवी आली. पंडिता रमाबाईंनी हा धोका फार लवकर ओळखला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांत त्या तिथल्या सिस्टरांना पत्रातून ठणकावून सांगत होत्या की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही. भांडणाचा एक मुद्दा लेक मनोरमेला धर्मशिक्षण कुणी आणि कसं द्यायचं हा होता. ख्रिस्तावरची निष्ठा आणि ख्रिस्ताच्या नावानं बोलणाऱ्यांवरची निष्ठा यातला फरक त्या बाईला पक्का कळला होता. आम्हाला अजून कळायचाय. ‘मला पाळकांपेक्षा आईचं पटतं’ असं म्हणणारी मुलगी ‘येशूपेक्षा आईवर प्रीती’ करते असं नाही. पाळक म्हणजे येशू नव्हे, एवढंच तिला ठाऊक आहे.

आणि उलटी गोष्ट? तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती घरातला मुलगा म्हणतो, माझा विश्वास नाही. किंवा मुलगी बौद्ध मुलाशी, मराठ्याच्या मुलाशी लग्न करते म्हणते. मग आमच्या घरांतून जे रडणं निघतं ते ऐका. ‘आजोबांच्या नावाला काळं फासलंस.’ ‘समाजात तोंड कसं दाखवू?’ शब्द न् शब्द तोच, जो टिळकांच्या नातलगांच्या तोंडी असेल. वसईपासून नगरपर्यंत, कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, सोयरीक जुळवताना मूळ जात हळूच विचारणारी घरं मी पाहिली आहेत. जन्मानं मिळालेल्या ख्रिस्ती घरालाही येशूचं ते वाक्य तितकंच लागू आहे. आपल्या मुलांच्या गुडघ्यांवर आपला हक्क नाही हे ज्याला मान्य नाही, त्यानं शेजारच्या हिंदू बापाला मत्तयाचा दहावा अध्याय ऐकवू नये.

त्या ‘मेलेल्यांना पुरू दे’बद्दल एक. २०२५ च्या जानेवारीत बस्तरमधल्या एका गावचा ख्रिस्ती माणूस सर्वोच्च न्यायालयात उभा होता. वडील वारले होते, ते पाळक होते. गावच्या जागेत, जिथं आपले आजोबा पुरले आहेत तिथंच, वडिलांना पुरू द्या, एवढं त्याचं मागणं. गावानं विरोध केला होता, आणि प्रेत तीन आठवडे शवागारात. दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. त्या मुलाला कुणी सांगावं की येशूच्या माणसानं बापाच्या मातीची एवढी ओढ धरू नये? ज्याला येशूनं ते वाक्य ऐकवलं त्याचा बाप तेव्हा खरोखर मेला होता की नाही, यावर पंडितांत वाद आहे. बरेच जण म्हणतात, तो ‘वडील आहेत तोवर घरी राहतो, मग येतो’ म्हणत होता. मला तो अर्थ पटतो. आपल्याकडेही ‘आईबाप आहेत तोवर नको’ हे वाक्य किती गोष्टी पुढं ढकलायला वापरतात! पण समजा तो अर्थ चुकीचा असला, तरी एका माणसाला एका वळणावर सांगितलेलं वाक्य मयताच्या घरी रात्री साडेअकराला नियम म्हणून पाठवायचं नसतं.

त्या पोराला मी फोनवर काय सांगितलं? फार काही नाही. विचारलं, "अग्नी द्यायला तुझं मन घेतं का?" म्हणाला, "नाही. मंत्र म्हणायला लावतील, पिंड ठेवायला लावतील. ते मी खोटं खोटं करणार नाही. बाबांच्या समोर तर नाहीच." म्हटलं, मग देऊ नकोस. धाकट्याला आत्ताच, रात्रीच, सगळ्यांच्या आधी सांग. सकाळी चारचौघांत नको. आईला तूच सांग. आणि खांदा दे. पुढचा. पाळकसाहेबांशी मी बोलतो.

पाळकसाहेबांशी माझं बोलणं झालं, आणि नंतर दोन-तीन महिने ते माझ्याशी बेताचंच बोलत होते. चालायचंच.

त्यानं खांदा दिला. अग्नी धाकट्यानं दिला. चुलत्यांनी घाटावरच तमाशा केला, ‘बाटग्या’ म्हणाले, तो ऐकून घेऊन उभा राहिला. तेरा दिवस घरातून हलला नाही. दवाखान्याचं बिल, बँकेची कागदपत्रं, आईचं पेन्शन, सगळं त्यानंच पाहिलं. मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत चार चकरा मारल्या.

वर्षश्राद्धाला त्यानं मला बोलावलं. मी जरा बाजूला बसलो होतो. भल्या पहाटे मार्केट यार्डातून भाजी त्यानंच आणली होती, निवडायला बायकांच्यात बसला, पंगतीत वाढलं, पत्रावळ्या उचलल्या. धाकटा सोवळ्यात, आत गुरुजींपुढं. सगळ्यांचं झाल्यावर हा हात धुऊन आला तशी आईनं फळीवरून झाकलेलं एक ताट काढलं. आतली भाजी गार झाली होती. ही बाई जन्मभर नैवेद्य दाखवायच्या आधी पातेल्याला कुणाला शिवू द्यायची नाही, घरच्या लहान पोरालासुद्धा नाही. ताट त्याच्यापुढं ठेवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "याचं मी आधीच काढून ठेवलंय. दाखवायच्या आधी."